भिंतीपलीकडचा खोकला

पाटोद्याच्या बाजारगल्लीत शिवकांताबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. काही जण त्यांना त्यांच्या तोंडामुळे ओळखायचे, पण ते जरा लांबूनच. बाकी सगळे ओळखायचे मिरची कांडपाच्या यंत्रामुळे. गाव त्याला डंक म्हणतं. लोखंडी मुसळं वरखाली होतात, खालच्या उखळात मिरची कुटली जाते, आणि फाल्गुन लागला की आसपासच्या गावांतल्या बाया वाळक्या मिरच्यांची गठुडी घेऊन शिवकांताबाईंच्या दारात नंबर लावतात. तोंडाला फडकं, डोळ्यांना धार, आणि एकीची शिंक संपली की दुसरीची सुरू. त्या सगळ्या गोंधळात कोरडी ठणठणीत एकच बाई. यंत्राच्या पुढ्यात स्टुलावर बसून, उघड्या तोंडानं, उखळाच्या कडेची पूड हातानं आत ढकलत शिवकांताबाई बसलेल्या असायच्या. त्यांना ना ठसका, ना शिंक.

याचं बायांना मोठं नवल. कुणी म्हणे बाईच मिरचीपेक्षा तिखट, तिला मिरची काय लागणार. शिवकांताबाई हे ऐकून वरवर रागवायच्या आणि आतून सुखावायच्या. नवरा केदारनाथ अचानक गेला तेव्हा रवि शाळकरी पोर होता. किराण्याचं दुकान एकटीच्यानं चालेना. गेवराईहून माहेरचे न्यायला आले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं, आणि दुकान मोकळं करून तिथं हा डंक बसवला. पहिल्या उन्हाळ्यात त्याही खोकून खोकून बेजार झाल्या होत्या. दुसऱ्या उन्हाळ्यात खोकला कमी झाला, तिसऱ्यात थांबला तो कायमचा. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून त्या म्हणाल्या, एकट्या बाईवर महादेवाला दया आली. त्या दिवसापासून आपल्याला मिरची लागत नाही, याचा त्यांना अभिमान होता. डोळ्यांतून पाणी तेवढं यायचं, पण ते वयाचं.

शेजारचं घर आणि यांचं घर यांच्यात भिंत एकच. पुढच्या दुकानापासून मागच्या परसातल्या न्हाणीपर्यंत ती सलग गेलेली. पलीकडं बरीच वर्षं कुणी टिकून राहिलं नव्हतं. मग अर्जुनराव आणि केशरबाई हे उतारवयातलं जोडपं शेतावरून तिथं राहायला आलं. दवाखाना जवळ असावा एवढाच हेतू. पहिले काही महिने परसातल्या भिंतीवरून भाजीची वाटी इकडून तिकडं जायची, तिकडून इकडं यायची. फाल्गुन लागला आणि वाट्या थांबल्या.

केशरबाई आधी स्वतः चालत आल्या. दारातच उभ्या राहून, पदर नाकाला लावून म्हणाल्या, यंत्र तेवढं गावाबाहेर नेता आलं तर बघा, निदान दुपारचं बंद ठेवा, माझा जीव घाबरा होतो. बोलणं मऊ होतं. पण शिवकांताबाईंच्या नाकाला ज्या मिरच्या वीस वर्षांत झोंबल्या नव्हत्या, त्या तेव्हा झोंबल्या. पाच बाया बघत होत्या, त्यांच्यादेखत त्या म्हणाल्या, "यंत्राम्होरं मी बसते. मला काई व्हत न्हाई, आन् तुमाला भिंतीपल्याड कावून व्हतंय?"

या एका वाक्यावर पुढं सगळं चाललं. नगरपंचायतीत अर्ज गेला, तिथून काही हललं नाही. मग अर्जुनरावांनी कोर्टात दावा लावला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथं दोन्हीकडची माणसं शहाणी होती आणि दोन्हीकडची चढली.

शिवकांताबाईंचे वकील विजयसिंह. त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं. आपल्या जागेत आपण धंदा करू शकतो. पण त्याची धूळ, धूर, आवाज शेजाऱ्याच्या घरात जाऊन त्याला राहणं अवघड झालं, तर कायदा त्याला उपद्रव म्हणतो आणि धंदा बंद करायचा हुकूम देऊ शकतो. वकील हसले. म्हणाले, घाबरू नका, मेख पुढं आहे. त्रास मोजायचा तो आजारी माणसाच्या छातीनं नाही, साध्या धडधाकट माणसाच्या छातीनं. केशरबाईंना दमा आधीपासून आहे, त्यांना उदबत्तीचासुद्धा त्रास होईल. रस्त्यानं जाणारा शिंकतो आणि पुढं जातो, त्यापायी कुणी बाजार उठवत नाही. प्रश्न एकच. दिवसभर त्या हवेत राहणाऱ्या निरोगी माणसाला काही होतं का? आणि दिवसभर त्या हवेत कोण राहतं? तुम्हीच ना?

घरी येऊन शिवकांताबाईंनी ताकीद दिली. निकाल लागेपर्यंत या घरात कुणी खोकायचं नाही. रवि कड्याच्या साखर कारखान्यात कामाला, आठवड्याला एकदा घरी येणारा; तो हसला. त्याची बायको मनिषा नवीनच लग्न होऊन आलेली, तिनं मान हलवली. गिऱ्हाईक बाईला ठसका लागला तर शिवकांताबाई तिला रस्त्यावर पिटाळायच्या आणि म्हणायच्या, तिकडं खोक माय, इथं भिंत ऐकती. कोर्टाचा माणूस जागा बघायला आला तो ऐन श्रावणात. तेव्हा मिरची कुठली? डंकात धने पडले होते. सगळीकडं वास सुटला असणार, कारण तो माणूस खुशीत दिसला आणि जाताना म्हणाला, घरी मसाला संपलाच आहे.

त्या हिवाळ्यात एक विचित्र प्रकार झाला. परसातल्या भिंतीवर, बरोबर मध्यावर, एक पुरचुंडी सापडली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात वाळून चुरा झालेला कसला तरी पाला, हळकुंड, काळी मिरी, आणि वरून दोऱ्याचे वेढे. शिवकांताबाई दोन पावलं मागं सरल्या. करणी, दुसरं काय! कोर्टात हरायला लागली म्हणून बाई या थराला गेली. त्यांनी ती पुरचुंडी सांडशीत धरून गटारात टाकली आणि उंबऱ्याला भस्माची बोटं ओढली. थोड्या दिवसांनी तशीच दुसरी. ती त्यांनी चुलीत घातली. मनिषा मागं उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी बघून शिवकांताबाईंना वाटलं, पोरगी भ्याली. त्यांनी तिच्याही कपाळाला भस्म लावलं.

साक्षीच्या दिवशी पदराखाली इष्टलिंग मुठीत धरून त्या उभ्या राहिल्या. जे सांगितलं ते त्यांच्या लेखी अक्षर न् अक्षर खरं होतं. इतकी वर्षं यंत्राच्या तोंडाशी बसते, मला कधी ठसका लागला नाही. घरात कुणाला त्रास नाही. दावा फेटाळला गेला. जागा बाजाराची, धंदा जुना, आणि त्रास झालाच असेल तर तो वादीच्या नाजूक प्रकृतीमुळे, असं निकालात आलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात शिवकांताबाईंनी पेढे वाटले. पुडा मनिषाच्या हातात होता. केशरबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या शिवकांताबाईंकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्या बघत होत्या मनिषाकडं, एकटक, बराच वेळ. मनिषानं मान खाली घातली. शिवकांताबाईंनी सुनेला पाठीशी घेतलं आणि मनात म्हणाल्या, मेलीनं माझ्या लेकराला नजर लावली.

चैत्रात केशरबाई गेल्या. बीडच्या दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. अर्जुनरावांनी दहावा-तेरावा शेतावरच केला, घराला कुलूप घातलं आणि परत आले नाहीत. शिवकांताबाई भेटायला गेल्या नाहीत. जायला हवं होतं हे त्यांना ठाऊक होतं. मुसळं पडत होती, बायांचा नंबर लागला होता, असं त्यांनी स्वतःलाच सांगून टाकलं.

मग एका दिवेलागणीला तो आवाज आला. डंक बंद झालेला, शिवकांताबाई मधल्या खोलीत भिंतीशी पूजेला बसलेल्या, इष्टलिंग तळहातावर. आणि भिंतीतून खोकला. दोन-तीनदा, मग कुणीतरी तोंड दाबल्यासारखा, मग पुन्हा. पूजा तशीच टाकून त्या रस्त्यावर गेल्या. शेजारच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर कोळ्यानं जाळं धरलं होतं. आत येऊन मनिषाला हाक मारली. ती परसातून हात पुसत आली, म्हणाली, भांडी घासत होते, मला काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर तो खोकला येतच राहिला. रोज नाही. डंक जास्त चालला की त्या संध्याकाळी हमखास. शिवकांताबाईंनी याचा अर्थ लावला, आणि त्यांना दुसरा कुठला लावता येणार होता? चोराच्या मनात चांदणं. जिवंतपणी जी दारात येऊन विनवणी करत होती, ती आता भिंतीत येऊन बसली. कपिलधारच्या देवस्थानाला जाऊन त्यांनी भस्म आणलं, भिंतीला लावलं. आवाज थांबला नाही. घरातही काहीतरी बिघडलं होतं. उदबत्तीला वास येईना. तीनदा दुकानदार बदलला, तिघांशीही भांडल्या. मनिषाच्या फोडणीत लसूण असून नसल्यासारखा. दूध करपून पातेलं काळं झालं तरी घरात बसलेल्या बाईला पत्ता नाही. केशरबाईनं माझ्या घराचा वास नेला, असं त्यांना वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

दृष्ट काढून बघू म्हणून अमावस्येला त्यांनी यंत्रावरून मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या उतरवल्या. उलटलेली दृष्ट कुणावर पडू नये म्हणून मनिषाला आत कोंडलं आणि परसातल्या चुलीत सगळं टाकलं. आता हे पोरासोरालाही ठाऊक आहे की दृष्ट नसेल तर मिरचीचा ठसका उठतो, घर डोक्यावर घेतो. आणि ठसका उठला नाही तर समजावं, दृष्ट जबर होती, मिरचीचं तिखट तिनं गिळलं. शिवकांताबाई चुलीवर वाकून उभ्या राहिल्या. मिरच्या काळ्या पडल्या, तडतडल्या, धूर वर आला. ठसका नाही. पुढच्या अमावस्येला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. दर वेळी त्या एकट्याच चुलीपुढं, आणि दर वेळी तोंडावरून धूर जाऊनही नुसती शांतता. त्या शांततेची त्यांना खोकल्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली.

वर्ष फिरून माघ संपत आला तेव्हा मनिषाकडं बघून गल्लीतल्या बाया बोलायला लागल्या. पोरगी वाळली, बांगड्या कोपरापर्यंत चढतात. शिवकांताबाईंनी तिला सून म्हणून आणलं आणि लेक म्हणून ठेवलं, असं त्या स्वतः सगळ्यांना सांगायच्या. मनिषाला विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. पण माया खरी होती. आईविना वाढलेली पोर, म्हणून दुधावरची साय त्या तिच्यासाठी काढून ठेवायच्या. आता तिचे डोळे खोल गेलेले बघून त्यांच्या काळजाचं पाणी झालं. कोर्टातली ती नजर आठवली. केशरबाईला यंत्र नको होतं, घर नको होतं. तिला मनिषा हवी होती. तिनं सुनेला धरलं होतं.

म्हणून त्या अमावस्येला त्यांनी मनिषालाच पाटावर बसवलं. मधल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून. मध्ये निखाऱ्यांची शेगडी. दार लावलं, खिडकी लावली. दृष्ट निघेपर्यंत बोलायचं नाही, हूं की चूं करायचं नाही, असं बजावलं. मग मूठ भरून घेतली आणि डोक्यापासून पायापर्यंत उतरवत पुटपुटायला लागल्या. आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची, गल्लीतल्या बायांची. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, भिंतीपल्याडच्या केशरबाईची. मनिषानं चमकून वर बघितलं. शिवकांताबाईंनी मूठ शेगडीत टाकली.

मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या फुगल्या, काळ्या झाल्या, खोली धुरानं भरली. शिवकांताबाई श्वास भरून घेत थांबल्या. आणखी थांबल्या. नाकात, घशात, कुठंच काही नाही. त्यांचे डोळे भरून आले. त्या भिंतीकडं बघून म्हणाल्या, "बघितलंस, मने? ठसकाच न्हाई. लई जबर धरलंय तुला."

आणि तेव्हा खोकला आला. तोच. दोन-तीनदा, मग तोंड दाबल्यासारखा, मग पुन्हा. शिवकांताबाईंची नजर सवयीनं भिंतीवरच खिळलेली होती. भिंतीला विभूती लावलेली, भिंत शांत होती. आवाज त्यांच्या मागून येत होता. त्या वळल्या. मनिषानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, चेहरा काळानिळा पडला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि बोळा कोंबूनही खोकला तिच्या अंगातून फुटून बाहेर येत होता. पाटावरून ती खाली कलंडली, सरपटत दाराशी गेली आणि कडी काढून परसात जाऊन पडली.

शिवकांताबाई तिच्यामागं धावल्या. पाठ चोळली, पाणी पाजलं. पोरीचा श्वास जरा खाली बसला तेव्हा ती म्हणाली, "घरभर ठसका उठलाय, आत्या. तुमाला कसा येत न्हाई?"

त्या परत आत गेल्या. शेगडीवर तोंड धरलं आणि जोरानं श्वास ओढला. मग दुकानात जाऊन डब्यातली ताजी पूड मुठीत घेऊन नाकाला लावली. माती हुंगावी तसं वाटलं, किंवा मातीलाही वास असतो, तेवढासुद्धा नाही. मग उदबत्तीचा पुडा फोडला. लसूण ठेचला. कशालाच काही नाही. केशरबाईनं घराचा वास नेला नव्हता. महादेवानं दया केली नव्हती. त्यांचं नाक मेलं होतं, केव्हाच मेलं होतं, आणि त्या मेलेल्या नाकाची शपथ घेऊन त्यांनी कोर्टात खरं सांगितलं होतं.

परसात मनिषा न्हाणीच्या पायरीवर बसली होती. शिवकांताबाई तिच्याशेजारी टेकल्या. त्यांनी विचारलं, "तूच खोकत व्हतीस? येवडे दिस?"

"न्हाणीत जाऊन खोकायचे. तुमी म्हनलतात ना, या घरात खोकायचं न्हाई."

"ते निकाल लागंस्तोर. निकाल लागला की."

"आता खोकलं तरी चालंल, असं तुमी म्हनलाच न्हाई, आत्या."

शिवकांताबाईंनी भिंतीकडं बघितलं. न्हाणीची भिंत तीच, पूजेच्या खोलीतली भिंतही तीच. इकडं कोंबलेला आवाज तिकडं निघत होता. अंधारून आलं होतं. मनिषानं भिंतीच्या वर बोट केलं. पलीकडच्या परसातलं एक झाड, पाणी न मिळाल्यानं अर्धं वाळलेलं, एक फांदी टाकून इकडं वाकलं होतं. ती सांगायला लागली तेव्हा बराच काळ कोंडलेलं एकदम सांडावं तशी बोलली. हा आडुळसा. केशरमावशींनी लावलेला. त्या पुरचुंड्या करणीच्या नव्हत्या, खोकल्याच्या काढ्याच्या होत्या, माझ्यासाठी होत्या. नुसत्या वासावरून कुणालाही कळलं असतं. मी न्हाणीत खोकले की त्या पलीकडून भिंतीवर टकटक करायच्या, काढा घे म्हणायच्या. तुम्ही चुलीत घातलं तेव्हा मला रडू आलं, तुम्हाला वाटलं मी भ्याले.

"मंग कोर्टात कावून सांगितलं न्हाई तिनं?" शिवकांताबाईंनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना विजयसिंह वकिलांचं ते बोलणं आठवलं. दिवसभर त्या हवेत राहणारं निरोगी माणूस. ते माणूस भिंतीच्या याच बाजूला होतं, आणि हे केशरबाईंना ठाऊक होतं.

मनिषा म्हणाली, "अर्जुनकाका लई मागं लागलते. पोरीला साक्षीला बोलवू, उद्या यंत्र बंद व्हतंय. मावशी म्हनल्या, न्हाई. तिला त्याच घरात नांदायचं हाय."

शिवकांताबाई त्या पायरीवर बसून राहिल्या. इतके महिने त्या जिला भ्यायल्या, ती त्यांच्या घरात कधी आलीच नव्हती. यायचं काही कारण नव्हतं तिला. भूत असतं तर त्याच्यापुढं पदर पसरता आला असता, कोंबडं-नारळ काय मागेल ते देता आलं असतं, आमच्यात चालत नाही तरी दिलं असतं. आता माफी मागायला पलीकडं कुणी नव्हतं. त्या मोठ्यानं रडल्या. नवरा गेला तेव्हा पोरासमोर रडायचं नाही म्हणून रडल्या नव्हत्या, तेही बहुतेक त्यातच आलं.

फाल्गुनात बाया गठुडी घेऊन आल्या तेव्हा शटर खाली होतं. रविनं चार दिवस आईशी वाद घातला, मग नाद सोडला. डंक आता गावाबाहेर रस्त्याकडेच्या शेडमध्ये आहे, दुसराच कुणी चालवतो. शिवकांताबाई अर्जुनरावांच्या शेतावर जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण येताना पलीकडच्या घराची किल्ली घेऊन आल्या, आणि आडुळशाला रोज दोन घागरी पाणी घालतात. फांदी भिंतीवरून चांगली इकडं आली आहे. अशी फांदी कापायचा हक्क शेजाऱ्याला असतो, असं विजयसिंह वकिलांनीच कधी तरी सांगितलं होतं.

मनिषाचा खोकला पावसाळ्यापर्यंत गेला. अंगावर मांस आलं, बांगड्या मनगटावर उतरल्या. घरात आता कुणी खोकत नाही.

तरी एखाद्या दिवेलागणीला, शिवकांताबाई पूजेला बसल्या की, भिंतीतून आवाज येतो. दोन-तीनदा, मग दाबल्यासारखा. पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी मनिषाला हाक मारून विचारलं, तू खोकलीस? ती स्वयंपाकघरातून म्हणाली, न्हाई, आत्या. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आता आवाज आला की त्या पूजा पुरी करतात, उठतात, वाळवलेला आडुळसा, हळकुंड आणि मिरी फडक्यात बांधतात आणि परसात जाऊन भिंतीच्या मध्यावर ठेवून येतात. सकाळी बघतात तर पुरचुंडी तिथंच असते, दवानं थोडी ओली.